धसका, विस्मरण आणि उपचार : ‘विसरून जा’ या सल्ल्याची परीक्षा

मराठीत ‘धसका’ हा एक फार अर्थवाही शब्द आहे. भीती वेगळी, काळजी वेगळी आणि धसका वेगळा. भीती प्रसंगाबरोबर येते व बहुधा प्रसंगाबरोबर जाते. धसका मात्र प्रसंग संपल्यावर माणसाच्या घरी मुक्कामाला येतो. १७६१ च्या जानेवारीत पानिपत झाले आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये नानासाहेब पेशवे पर्वतीवर वारले. त्यांनी पानिपतचा धसका घेतला, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो आहोत. त्यांच्या मृत्यूचे वैद्यकीय कारण काय असावे हा इतिहासकारांचा विषय आहे. पण मोठा आघात माणसाला आतून पोखरतो, ही जाणीव आपल्या भाषेला मानसशास्त्राच्या कितीतरी आधीपासून होती, एवढे यावरून खास दिसते.

अशा धसका घेतलेल्या माणसाला आपण दोन सल्ले देतो. पहिला सल्ला वडीलधाऱ्यांचा : “झाले गेले गंगेला मिळाले, आता विसरून जा.” दुसरा मैत्रिणींचा : “एकदा सगळे बोलून टाक, म्हणजे मोकळी होशील.” दोन्ही सल्ले मायेपोटीच दिलेले असतात आणि दोन्ही परस्परविरोधी आहेत. यांतला खरा कोणता? मानसशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून हा प्रश्न माझ्यापुढे आला, आणि तो केवळ परीक्षेपुरता नव्हता, हे पुढे सांगेनच. ज्या विकाराला आज ‘पोस्ट-ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर’ म्हणजेच आघातोत्तर ताणविकृती असे म्हणतात, त्याविषयीच्या संशोधनाच्या आधारे या दोन सल्ल्यांची परीक्षा करावी, हाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

एका विकाराची अनेक नावे

या विकाराचा इतिहास म्हणजे त्याच्या नावांचा इतिहास होय. १८६६ साली लंडनचे शल्यचिकित्सक जॉन एरिक एरिक्सन यांनी रेल्वे अपघातांतून वाचलेल्या प्रवाशांवर लिहिले. बाहेरून फारशी इजा नसतानाही ही माणसे खचलेली दिसत. दोष पाठीच्या कण्यात असावा या समजुतीने त्याला ‘रेल्वे स्पाइन’ असे नाव पडले. १८७१ साली अमेरिकेतील जेकब द कोस्टा यांनी तेथील यादवी युद्धातल्या सैनिकांची धडधड, धाप आणि थकवा यांचे वर्णन केले व त्याला ‘चिडके हृदय’ म्हटले. १८८९ मध्ये जर्मनीच्या हेर्मान ओपेनहाइम यांनी ‘आघातजन्य मज्जाविकृती’ ही संज्ञा वापरली. म्हणजे कोणी कण्यात, कोणी हृदयात, तर कोणी मज्जातंतूंत दुखणे शोधत होते. मनाकडे बोट दाखवायला मात्र कोणी सहजासहजी तयार नव्हते.

पहिल्या महायुद्धाने हा प्रश्न हजारोंच्या संख्येने दारात आणून उभा केला. केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ चार्ल्स मायर्स यांनी फेब्रुवारी १९१५ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात तीन रुग्णांवर निबंध लिहिला आणि ‘शेल शॉक’ हा शब्द वैद्यकीय लेखनात आणला. तोफगोळा जवळ फुटल्याने मेंदूला हादरा बसतो, अशी त्यामागील कल्पना होती. परंतु ज्यांच्याजवळ एकही गोळा फुटला नव्हता असे सैनिकही थरथरू लागले, मुके झाले, झोपेत ओरडू लागले, तेव्हा ही कल्पना अपुरी ठरली. १९१७ मध्ये ब्रिटिश लष्कराने या शब्दाच्या वापरावरच निर्बंध घातले.

नाव नसले की काय होते, हेही या युद्धाने दाखविले. पळून जाणे, भेकडपणा अशा आरोपांखाली ब्रिटिश लष्कराने आपल्याच सैनिकांना गोळ्या घातल्या. त्यांपैकी ३०६ जणांना २००६ साली, म्हणजे जवळजवळ नव्वद वर्षांनी, कायद्याने माफी देण्यात आली. त्यांतल्या काहींना तरी शिक्षेची नव्हे, वैद्याची गरज होती, हे आज कोणीही मान्य करील. विकाराला नाव देणे हा केवळ पंडिती खेळ नव्हे, तो कधीकधी जीवनमरणाचा प्रश्न असतो.

डॉ. रिव्हर्स यांचा प्रश्न

इंग्रजी साहित्याच्या विद्यार्थ्यांना सिगफ्रीड ससून आणि विल्फ्रेड ओवेन हे युद्धकवी परिचित आहेत. १९१७ च्या उन्हाळ्यात हे दोघेही एडिंबरोजवळच्या क्रेगलॉकहार्ट या युद्धरुग्णालयात होते. तेथे ससूनवर उपचार करणारे डॉक्टर म्हणजे डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हेच नाव निराळ्या संदर्भात भेटते, कारण निलगिरीतील तोडा जमातीवरचा १९०६ साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ याच रिव्हर्स यांचा आहे.

त्या काळी याच विकारावर निराळे उपचारही होत. लंडनच्या क्वीन स्क्वेअर रुग्णालयात लुईस यीलंड मुक्या झालेल्या सैनिकांच्या घशाला विजेचे झटके देत. एका चोवीस वर्षांच्या सैनिकावर खोलीचे दार बंद करून चार तास हा प्रयोग चालला, आणि तो बोलू लागला तेव्हा तो बरा झाला असे यीलंड यांनी १९१८ च्या आपल्या पुस्तकात अभिमानाने नोंदविले. वाचा परत आली हे खरे. पण जे सांगावयाचे होते ते कोणी ऐकले का, हा प्रश्न त्या पुस्तकात उद्‌भवत नाही.

रिव्हर्स यांनी नेमका तोच प्रश्न विचारला. डिसेंबर १९१७ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनपुढे त्यांनी एक निबंध वाचला. त्याचा विषय होता युद्धानुभवांचे दमन. त्यांचे म्हणणे असे की, “ते विचार मनातून काढून टाका” असा जो सल्ला रुग्णांना घरचे लोक आणि डॉक्टर देतात, तोच पुष्कळदा दुखणे वाढवितो. दिवसभर दाबून धरलेली आठवण रात्री स्वप्नांतून उसळी घेते.

त्यांनी दिलेले एक उदाहरण विसरता येत नाही. एक अधिकारी आपल्या मित्राला शोधावयास गेला असता त्याला त्याच्या देहाचे तुकडे इतस्ततः पडलेले दिसले. तेव्हापासून तो भयंकर छिन्नविच्छिन्न मित्र त्याच्या स्वप्नात येई. दिवसा हे सारे विसरण्याचा तो आटोकाट प्रयत्न करी. रिव्हर्स यांनी त्याला त्या दृश्याकडेच पुन्हा पाहावयास लावले, परंतु एका निराळ्या बाजूने. देहाची अशी अवस्था झाली याचाच अर्थ मित्राला मरण तत्क्षणी आले, त्याला यातना भोगाव्या लागल्या नाहीत, हे त्यांनी त्याच्या ध्यानात आणून दिले. त्यानंतर अनेक रात्री स्वप्न आले नाही. पुढे जी स्वप्ने आली त्यांत पूर्वीचे भय नव्हते, आणि त्यांतल्या एकात तो मित्राशी शांतपणे बोलला.

मात्र रिव्हर्स प्रामाणिक होते. ज्या आठवणीत असा कोणताही दिलासा सापडत नाही, अशाही एका रुग्णाचे उदाहरण त्यांनी त्याच निबंधात दिले आणि तेथे आपली पद्धत चालली नाही हे मान्य केले. आठवणीला सामोरे जाणे आणि आठवणीत बुडून राहणे या दोन गोष्टी भिन्न आहेत, हेही त्यांनी बजावले. शंभर वर्षांपूर्वीच्या या एका निबंधात पुढच्या बहुतेक संशोधनाचे बीज आहे, असे मला वाटते.

१९८० : अधिकृत मान्यता

युद्ध संपले की समाज हा विषय विसरतो आणि पुढच्या युद्धात पुन्हा शिकतो. अब्राम कार्डिनर यांनी पहिल्या महायुद्धातील सैनिकांवरील कामाच्या आधारे १९४१ साली युद्धजन्य मनोविकृतींवर ग्रंथ लिहिला. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या १९५२ मधील पहिल्या निदानपुस्तिकेत तीव्र ताणाच्या प्रतिक्रियेचा उल्लेख होता. १९६८ च्या दुसऱ्या आवृत्तीतून तो गळला. आश्चर्य असे की, त्याच सुमारास व्हिएतनाम युद्ध ऐन भरात होते.

त्या युद्धातून परतलेल्या तरुणांनी १९७० च्या अखेरीपासून न्यूयॉर्कमध्ये एकत्र बसून आपापले अनुभव बोलायला सुरुवात केली. रॉबर्ट जे लिफ्टन आणि खाइम शतान हे दोन मनोविकारतज्ज्ञ त्या बैठकींना बसत. दुसरीकडे बोस्टन येथे ॲन बर्जेस आणि लिंडा होल्मस्ट्रॉम या दोघींनी बलात्कारपीडित स्त्रियांचा अभ्यास करून १९७४ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. रणांगणावरील पुरुष आणि अत्याचार सोसलेली स्त्री यांची लक्षणे विलक्षण सारखी निघाली! दुःस्वप्ने तीच, दचकणे तेच, जगावरचा विश्वास उडणेही तेच. अखेर १९८० साली निदानपुस्तिकेच्या तिसऱ्या आवृत्तीत हा विकार आजच्या नावाने दाखल झाला. या नावामागे केवळ प्रयोगशाळा नाही, तर सैनिकांची व स्त्रियांची चळवळही आहे, हे ध्यानात घेतले पाहिजे.

लक्षणांचे चार गट

२०१३ साली आलेल्या पाचव्या आवृत्तीत या विकाराची वीस लक्षणे चार गटांत मांडली आहेत. पहिला गट पुनरनुभवाचा : नको असताना आठवण घुसणे, दुःस्वप्ने पडणे, तो प्रसंग आत्ताच घडतो आहे असे वाटणे. दुसरा टाळाटाळीचा : त्या प्रसंगाचे विचार, जागा, माणसे, बोलणे टाळणे. तिसरा विचार व भावना यांतील बिघाडाचा : “मीच वाईट”, “कोणावर भरवसा ठेवता येत नाही” असे ठाम ग्रह, अपराधी भाव, आपल्या माणसांपासून तुटल्यासारखे वाटणे. चौथा अतिजागरूकतेचा : झोप न लागणे, चटकन दचकणे, चिडणे, सतत कानोसा घेत राहणे. ही लक्षणे महिन्याहून अधिक काळ टिकली आणि त्यांनी जगणे अडवले, तरच हे निदान करतात.

ही एका महिन्याची अट महत्त्वाची आहे. आघातानंतरचे पहिले काही दिवस ही लक्षणे बहुतेकांना होतातच. बार्बरा रॉथबॉम, एड्ना फोआ व सहकाऱ्यांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बलात्कारपीडित स्त्रियांपैकी ९४ टक्के स्त्रियांत पहिल्या दोन आठवड्यांत ही लक्षणे दिसली. तीन महिन्यांनी हे प्रमाण ४७ टक्क्यांवर आले. याचा एक अर्थ असा की मनाला स्वतःची अशी भरून येण्याची शक्ती आहे. दुसरा अर्थ असा की सर्वांच्याच बाबतीत ती पुरी पडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या विद्यमाने अनेक देशांत झालेल्या पाहण्यांचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार सुमारे ७० टक्के लोकांच्या आयुष्यात एखादा तरी मोठा आघात येतो. परंतु आघात सोसलेल्यांपैकी हा विकार ५.६ टक्के लोकांना जडतो. तेव्हा जखम होणे आणि जखम चिघळणे यांत फरक केला पाहिजे.

मग चिघळते कोणाची? हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. या रुग्णांच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस हा स्मृतीशी संबंधित भाग आकाराने लहान आढळतो. आघाताने तो आक्रसला, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण मार्क गिल्बर्टसन व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये जुळ्या भावांचा अभ्यास केला. एक भाऊ युद्धावर गेलेला, दुसरा घरी राहिलेला. युद्धावर जाऊन तीव्र विकार जडलेल्यांच्या घरी राहिलेल्या भावांचाही हा भाग लहानच निघाला. म्हणजे तो निदान काही अंशी आघाताचा परिणाम नसून पूर्वीचीच एक दुर्बलता असावी. कार्य कोणते आणि कारण कोणते, हे ठरविण्यासाठी अभ्यासाची रचना किती विचारपूर्वक करावी लागते, याचा हा उत्तम नमुना आहे.

आपल्या घरातला प्रश्न

हे सारे परदेशी वाटेल, म्हणून आता जवळचे सांगते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात भूकंप झाला. आदल्या दिवशी गणेशविसर्जन होऊन गावे दमून झोपली होती. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीची जड माळवदे अशी ती घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. हजारो माणसे दगावली. पुढे ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. प्रताप शरण व सहकाऱ्यांनी वाचलेल्या लोकांच्या मनःस्थितीची पाहणी केली व तिचा प्राथमिक अहवाल १९९६ मध्ये ‘अमेरिकन जर्नल ऑफ सायकिॲट्री’त आला. त्यात सर्वाधिक आढळलेले दोन विकार म्हणजे आघातोत्तर ताणविकृती आणि नैराश्य.

माझी आत्या त्या वाचलेल्यांपैकी एक. त्या वेळी ती तेरा वर्षांची होती. माझे वडील शिक्षणासाठी वसतिगृहात होते म्हणून वाचले. धाकटे काका मात्र गेले. आत्याच्या परवानगीने लिहिते. ती आजही पहाटे साडेतीनच्या सुमारास उठून अंगणात येऊन बसते. पावसाळ्यातही दाराला कडी लावू देत नाही. जड वाहन रस्त्याने गेले आणि भांडे वाजले की तिचा हात आधी उंबऱ्याकडे जातो. घरात त्या रात्रीचा विषय कोणी काढत नाही, कारण सर्वांनी मिळून तिला विसरू द्यायचे ठरवले आहे. मी हा विषय अभ्यासू लागल्यावर एकदा तिने आपण होऊन मला एवढेच सांगितले, “त्याला ओसरीवर झोपायचं होतं. मीच त्याला आत नीज म्हणाले.” तीस वर्षांत हे वाक्य तिने कोणापुढे उच्चारले नव्हते.

वर दिलेल्या चार गटांतली लक्षणे येथे वाचकांना आपोआप ओळखू येतील. मला मात्र त्या दिवशी निराळाच प्रश्न पडला. तीस वर्षे न बोलण्याने ती आठवण फिकी का झाली नाही?

‘विसरून जा’ का चालत नाही?

याचे उत्तर शिकण्याच्या सिद्धांतात आहे. पावलॉव्हचा कुत्रा आपण सर्वांनी अभ्यासला आहे. घंटा आणि अन्न यांची जोड बसली की घंटेनेही लाळ सुटते. तद्वतच भूकंप आणि बंद खोली यांची जोड बसली की बंद खोलीचीही भीती वाटते. घंटा वारंवार वाजवून अन्न दिले नाही, तर ती जोड हळूहळू क्षीण होते. पण माणूस कुत्र्याहून हुशार असल्यामुळे तो घंटेच्या वाऱ्यालाही उभा राहत नाही. बंद खोली टाळली की तत्काळ हायसे वाटते. या हायसे वाटण्यानेच टाळण्याची सवय पक्की होते. आणि टाळल्यामुळे “बंद खोलीत काही झाले नाही” हे शिकण्याची संधीच मिळत नाही. भीती जशीच्या तशी जतन होते. ‘विसरून जा’ हा सल्ला व्यवहारात ‘टाळत राहा’ असाच होतो, हे त्यातले खरे वैगुण्य होय.

फोआ आणि मायकेल कोझॅक यांनी १९८६ साली याची सैद्धांतिक मांडणी केली. भीतीची स्मृती बदलावयाची तर ती आधी जागी व्हावी लागते आणि त्याच वेळी तिच्याशी विसंगत असा नवा अनुभव मिळावा लागतो. यातून ‘दीर्घ सामोरेपणा’ची उपचारपद्धती निघाली. साधारणतः नव्वद मिनिटांच्या आठ ते पंधरा बैठकींत रुग्ण डोळे मिटून, वर्तमानकाळात, तो प्रसंग पुनःपुन्हा सांगतो; त्याचे ध्वनिमुद्रण घरी ऐकतो; आणि टाळलेल्या पण निर्धोक जागी पायरीपायरीने जातो. १९९१ च्या फोआ यांच्या प्रयोगात ४५ पीडित स्त्रियांचे चार गट होते. उपचार संपताच ताण हाताळण्याची कौशल्ये शिकविलेला गट पुढे होता. पण काही महिन्यांनी पाहिले तेव्हा सामोरेपणाच्या गटाची सुधारणा अधिक दिसली. आधी जड जाते, मग उतार पडतो, असा हा प्रकार आहे.

दुसरी पद्धत पॅट्रिशिया रेसिक यांची. तिचा रोख भीतीपेक्षा अर्थावर आहे. आघातानंतर माणूस काही विचारांपाशी अडकून पडतो : “मी तसे केले नसते तर...”, “दोष माझाच”. बारा बैठकींत हे अडकलेले विचार लिहून काढून पुराव्याशी ताडून पाहतात. आत्याचे ते एक वाक्य मला येथे आठवते. तेरा वर्षांच्या मुलीने थंडीवाऱ्यात भावाला आत निजायला सांगितले, यात माया होती. भूकंपाचे ज्ञान तिला कोठून असणार? रिव्हर्स यांनी त्या अधिकाऱ्याशी जे केले, तेच येथे पद्धतशीरपणे केले जाते. २००२ मध्ये १७१ स्त्रियांवर या दोन्ही पद्धतींची तुलना झाली, तेव्हा दोन्ही जवळजवळ सारख्याच गुणकारी ठरल्या. आणि हा गुण पुढे कित्येक वर्षे टिकल्याचे २०१२ च्या पाठपुराव्यात दिसले.

तिसरी पद्धत फ्रान्सिन शापिरो यांची. आठवण मनात धरून डोळे डावीउजवीकडे हलवावयाचे. १९८९ साली तिच्यावरचा पहिला निबंध आला. ती गुण देते याविषयी पुरेसा पुरावा आहे; तो गुण डोळ्यांच्या हालचालीचा की आठवणीला सामोरे जाण्याचा, याविषयी वाद आहे. औषधांपैकी सर्ट्रालिन व पॅरोक्सेटिन यांना अमेरिकेत अनुक्रमे १९९९ व २००१ मध्ये या विकारासाठी मान्यता मिळाली. त्यांचा उपयोग होतो, पण बोलण्याच्या वरील उपचारांइतका भरवसा त्यांच्यावर ठेवला जात नाही. झोपेसाठी वर्षानुवर्षे घेतल्या जाणाऱ्या शामक गोळ्या तर या विकारात योग्य मानल्या जात नाहीत.

‘बोलून मोकळी हो’ हेही पुरे नाही

एवढे वाचून कोणी म्हणेल की दुसरा सल्ला बरोबर ठरला! पण तसेही नाही. जेफ्री मिचेल यांनी १९८३ मध्ये अशी कल्पना मांडली की आपत्तीत काम करणाऱ्यांना लगेच काही दिवसांत एकत्र बसवून सारे बोलावयास लावावे, म्हणजे पुढचा विकार टळेल. ही कल्पना इतकी पटण्यासारखी होती की ती जगभर पसरली. जोनाथन बिसन व सहकाऱ्यांनी भाजलेल्या रुग्णांवर तिची कसोटी घेतली. १९९७ च्या त्यांच्या निष्कर्षांनुसार तेरा महिन्यांनंतर असे बोलावयास लावलेल्यांपैकी २६ टक्क्यांना हा विकार होता. ज्यांना काहीच केले नव्हते त्यांच्यापैकी मात्र ९ टक्क्यांनाच! पहिल्या गटाच्या जखमा मुळात काहीशा गंभीर होत्या, हे संशोधकांनी स्वतःच नमूद केले आहे. तरी पुढे अपघातग्रस्तांवरील अभ्यासातही अनुकूल निष्कर्ष निघाला नाही. २००२ मधील सर्व प्रयोगांच्या आढाव्याने तर सक्तीने असे बोलावयास लावणे थांबवावे, असेच म्हटले.

म्हणजे ओल्या जखमेची खपली काढणे वेगळे आणि चिघळलेली जखम कुशल हाताने साफ करणे वेगळे. पहिल्या दिवसांत काय करावे, यासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११ च्या मार्गदर्शिकेत तीनच गोष्टी आहेत : पाहा, ऐका, जोडून द्या. माणूस सुरक्षित आहे का ते पाहा. तो बोलेल तेवढेच ऐका, खोदून विचारू नका. आणि त्याची गाठ त्याच्या माणसांशी, अन्नाशी, निवाऱ्याशी घालून द्या. आपल्याकडे सुतकात शेजारणी पिठलेभाकरी आणून देतात आणि न बोलता नुसत्या शेजारी बसतात. त्यात हे शहाणपण आहे, असे म्हटल्यास वावगे होऊ नये.

तीस वर्षांनंतर उपयोग काय?

आता माझा मूळ प्रश्न. इतक्या वर्षांनंतर उपचाराचा काही उपयोग होतो का? २००६ साली कँडिस मॉन्सन व सहकाऱ्यांनी साठ माजी सैनिकांवर रेसिक यांची पद्धत वापरून पाहिली. त्यांतले बहुतेक व्हिएतनाम युद्धातील होते, आणि ते युद्ध १९७५ लाच संपलेले. उपचार मिळालेल्या गटातील ४० टक्के लोक शेवटी या निदानाच्या बाहेर आले. चाळीस टक्के म्हणजे सर्व नव्हेत. पण तीस वर्षे जुन्या दुखण्याविषयी “आता काय उपयोग” असे म्हणणे बरोबर नाही, एवढे त्याने सिद्ध होते.

दुसरी शंका अशी की, खेड्यात हे उपचार देणार कोण? फ्रँक नॉयनर व सहकाऱ्यांनी युगांडातील निर्वासितांच्या वसाहतीत सुदानी निर्वासितांवर कथनाची पद्धत वापरली. तीत जन्मापासूनची सारी जीवनकथा क्रमाने सांगावयाची व लिहून घ्यावयाची असते. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात केवळ चार बैठकींनंतर वर्षभराने या गटातील २९ टक्क्यांना विकार उरला होता. नुसत्या धीर देण्याच्या गटात तो ७९ टक्क्यांना होता. २००८ च्या पुढच्या प्रयोगात तर हे उपचार प्रशिक्षण दिलेल्या निर्वासितांनीच आपल्या बांधवांना दिले, आणि तेही यशस्वी झाले. प्रत्येक तालुक्याला मनोविकारतज्ज्ञ नसलेल्या आपल्या देशाला यातून पुष्कळ शिकण्यासारखे आहे.

मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. हे उपचार सोसण्यास कठीण आहेत. २००७ मध्ये २८४ स्त्रियांवर, बहुतांशी माजी सैनिक स्त्रियांवर, झालेल्या प्रयोगात सामोरेपणाच्या गटातील ३८ टक्के स्त्रियांनी उपचार अर्धवट सोडले. शिवाय वर्षानुवर्षे छळ सोसलेल्यांचे दुखणे एका प्रसंगाच्या आघाताहून गुंतागुंतीचे असते. २०२२ पासून लागू झालेल्या आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणात त्यासाठी स्वतंत्र निदान दिले आहे.

समारोप

तेव्हा दोन्ही सल्ल्यांचा निकाल असा लागतो. ‘विसरून जा’ हे चुकीचे, कारण टाळण्याने आठवण जतन होते. ‘आत्ताच सगळे बोल’ हेही चुकीचे, कारण वेळ आणि वाट न पाहता काढलेली आठवण जखम वाढवू शकते. खरा सल्ला या दोहोंमध्ये कोठेतरी आहे : आधी सोबत द्यावी, महिना उलटूनही लक्षणे राहिली तर जाणत्या माणसाकडे जावे, आणि त्याच्या साहाय्याने, आपल्या गतीने, त्या प्रसंगाकडे पाठ न फिरवता पाहावे. अपघात, पूर, आग, अत्याचार यांतून गेलेले कोणी ना कोणी आपल्या वर्गातही बसलेले असेल. त्यांच्यासाठी केंद्र शासनाची ‘टेली-मानस’ ही दूरध्वनी सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर चालू आहे, हे मुद्दाम नोंदवते.

प्राध्यापकवर्गाला एक विनंती. आपल्या मानसशास्त्र विभागाने राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत ‘पाहा, ऐका, जोडून द्या’ याचे एक दिवसाचे प्रशिक्षण ठेवावे. पूर येतो तेव्हा आपले विद्यार्थी धान्याची पोती वाहावयास सर्वांच्या आधी जातात. तेथे भेटणाऱ्या माणसाशी काय बोलावे आणि काय बोलू नये, एवढे त्यांना ठाऊक असले, तरी कितीतरी धसके मुक्कामाला येण्याआधीच उंबऱ्यावरून परततील.